स्टेशनरस्त्याची सारखी वाटणी

१ नोव्हेंबर १८९२, मंगळवार. ठाणे, ताईच्या घरी.
आजपासून रोजनिशी. रोज म्हणजे रोज. ज्याच्या हातून पुढेमागे काही मोठे घडायचे आहे, अशा माणसाने ती ठेवलेली बरी. कोणाला दाखवायची नाही. दाखवावी असा माणूस या गावात नाहीच.

आज भावोजी कचेरीतून आले ते धोतराला शेण लावून. स्टेशनरस्त्यावर मिठाच्या गाडीच्या बैलाने त्यांना भिंतीशी दाबले. बैलावर राग काढता येईना म्हणून माझ्यावर काढला. म्हणाले, "रघुनाथराव, आपले नाशिक झाले, मुंबई झाली, छापखाना झाला. आता संक्रांतीपर्यंत कुठेतरी चिकटा. नाही तर मामांना निरोप धाडतो, येऊन घेऊन जा म्हणून." भावोजी अहोजाहो करू लागले की समजावे, प्रकरण गंभीर आहे.

मामा म्हणजे खडवली. खडवली म्हणजे गवताच्या गंज्या, आणि त्यांच्या राखणीला मी. एवढे इंग्रजी दुसरीपर्यंत शिकून गवत राखायचे? शक्य नाही.

२ नोव्हेंबर.
विचार केला. चूक बैलाची नाही. भावोजींची थोडी आहे, ते रस्त्याच्या मधून चालतात. पण मुख्य चूक रस्त्याची. स्टेशनापासून तळ्यापर्यंत एवढासा तो रस्ता. त्यावर मिठाच्या गाड्या, भाताच्या गाड्या, टांगे, कोर्टाचे पक्षकार, खाडीकडून डोक्यावर पाट्या घेऊन येणाऱ्या कोळणी, आणि काळुरामची ती आठ बैठकांची घोडागाडी, जिच्यात सोळा बसतात आणि जी वाटेल तेथे थांबते. जो तो मधूनच. कडेने चालणे म्हणजे ठाणेकरांना अपमान वाटतो.

मी हा रस्ता सुधारणार. ठरले.

४ नोव्हेंबर.
ग्रहण. वेध लागले म्हणून दुपारपासून उपास. उपाशी पोटी प्लॅन होत नाही. उद्यापासून.

६ नोव्हेंबर, रविवार.
या रस्त्यावर राहणाऱ्या चार बड्या मंडळींनी एक रस्तासुधारक सभा काढली आहे. अध्यक्ष रावसाहेब, मामलेदारीवरून उतरलेले. सभा दर रविवारी भरते, चहा होतो, रस्ता वाईट आहे असा ठराव होतो, मंडळी त्याच वाईट रस्त्याने घरी जातात. आज मी आपण होऊन गेलो. कोपऱ्यात बसून ऐकले. एकाही डोक्यात कल्पना नाही. चहा मात्र चांगला.

शेवटी उभा राहून म्हटले, माझ्यापाशी प्लॅन आहे. (नव्हता. पण होणार होता.) रावसाहेबांनी चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, "तू आमच्या विश्रामपंतांचा मेव्हणा ना? तो छापखान्यातून पळालेला?" मी म्हटले, पळालो नाही, सोडला. म्हणाले, "बरे बरे. आण, पाहू." ही सुरुवात होय.

७ नोव्हेंबर.
प्लॅन तयार. इतका सोपा की कोणाला सुचला नाही याचे हसू येते. रस्त्याचे उभे तीन भाग. एक पायी माणसांचा. एक गाड्यांचा, त्यात काळुरामही. एक बायसिकलचा. तिघांना अगदी सारखा. जास्त नाही, कमी नाही. यालाच न्याय म्हणतात.

बायसिकल गावात एकच, रतनजी पारशाची. तो रोज संध्याकाळी तिच्यावरून तळ्यापर्यंत जातो आणि बहुधा पडतो. पण संख्येवर न्याय ठरत नसतो. रतनजीला प्लॅन सांगताच त्याने मला मिठी मारली. म्हणाला, "साला, या गावात एक तरी माणूस निघाला! तुला शिकवीन चालवायला." हे आपले सहज लिहून ठेवतो. प्लॅनशी याचा संबंध नाही.

८ नोव्हेंबर.
वळणावर चंद्रभागा कोळीण मासळी घेऊन बसते. म्हटले, हिला आधी कल्पना द्यावी. प्लॅन समजावून सांगितला. तिने बोंबलाची जुडी बाजूला ठेवून ऐकले आणि म्हणाली, "म्हंजे आमी येवरी मानसां एका भागान, नि त्या पारशाची ती एक दोनचाकी एका भागान. नि दोगांना सारखा?" मी म्हटले, होय, सारखा. तर शेजारणीला ओरडून म्हणाली, "आगो, आयकलंस का? पोराला मोजता येत नाय!" दोघी पाट्या धरून हसल्या.

अडाण्यांना न्याय समजत नाही. शिवाय बोंबलाचा वास.

१३ नोव्हेंबर, रविवार.
सभेत विजय! प्लॅन मंजूर. एक मेंबर झोपला होता, त्याचेही मत मोजले. रावसाहेब म्हणाले, "पोरा, संक्रांतीपर्यंत हा रस्ता वाहता करून दाखव. सभेतर्फे तुलाच ओव्हरसियर नेमू. पट्टा, छत्री, सगळे." डिसेंबरात पुण्याहून बडे इंजिनिअरसाहेब यायचे आहेत. त्यांना हा रस्ता नमुना म्हणून दाखवायचा.

ओव्हरसियर! घरी येऊन सांगितले. ताईने साखर ठेवली हातावर. भावोजी म्हणाले, "संक्रांतीला पाहू." मत्सर.

१४ नोव्हेंबर.
दुसऱ्या गावचा रस्ता पाहावा, तुलना करावी, म्हणून कल्याणला गेलो. स्टेशनाबाहेरच कुस्त्या चालल्या होत्या. शेवटची कुस्ती निकाली होईपर्यंत परतीच्या गाडीची वेळ झाली. कल्याणचा रस्ता पाहायचा राहिला. पाहण्यासारखा असेल असे वाटत नाही.

१५ नोव्हेंबर.
रस्त्यावर पहाटे चुन्याच्या दोन रेघा ओढल्या. स्टेशनापासून तळ्यापर्यंत, अगदी सरळ. (वळणावर थोड्या वाकड्या. वळण वाकडे आहे.) घट्ट, मळलेला, उत्तम चुना. मागे वळून पाहिले तर अंगावर काटा आला. असा रस्ता मुंबईतसुद्धा नसेल.

१६ नोव्हेंबर.
काय लिहावे! या लोकांनी रेघा खाल्ल्या. खाल्ल्या म्हणजे खाल्ल्या. टांगेवाला येतो, खाली उतरतो, बोटाने माझी रेघ खरवडतो, तळहातावर तंबाखूत मळतो आणि तोंडात टाकतो. विड्याच्या दुकानापुढे तर रेघ उरलीच नाही. एका टांगेवाल्याला हटकले तर म्हणतो, "चुना झकास हाय, दादा. कुठनं आणता?"

सभेने आतापर्यंत ज्या गावासाठी ठराव केले ते हे गाव.

१७ नोव्हेंबर.
नवी युक्ती, पहिलीपेक्षा चांगली. दगड. दगड कोणी खाणार नाही. पायवाटेच्या हद्दीवर थोड्या थोड्या अंतराने एकेक दगड उभा रोवायचा. त्यातच काळुरामचाही बंदोबस्त: त्याने गाडी फक्त दगडापाशी थांबवायची, आणि बसणाऱ्यांनी दगडापाशीच उभे राहायचे. एका दगडात दोन सुधारणा.

तळ्याच्या काठी जुन्या बांधकामाचे दगड पडून आहेत. गोल, वर निमुळते, जणू याच कामासाठी घडवलेले. एकावर कोरल्यासारखे काही दिसते. गवंड्याच्या टाकीचे घाव असावेत.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार.
दगड रोवले. वळणावरचा पाचवा, तो कोरीव, सर्वांत पक्का बसला. हलायचा नाही आता. रंगाचा प्रश्न होता. लांबून दिसला पाहिजे, पाऊस-धुळीला टिकला पाहिजे, चटकन मिळाला पाहिजे. तेल्याच्या दुकानी शेंदूर होता. तेलात खलून दोन-दोन हात दिले. काय खुलला आहे! तेली विचारत होता, "एवढा शेंदूर कशाला?" मी म्हटले, रस्त्यासाठी. त्याने कपाळाला हात लावून नमस्कार केला. माझ्या कामाची कदर करणारा पहिला माणूस.

१९ नोव्हेंबर, शनिवार. अमावास्या.
कमाल झाली. लोक दगडापाशी उभे राहिले! सांगावे लागले नाही. मनुबाई नावाची म्हातारी, पुतण्याशी चाललेल्या वाटणीच्या दाव्यासाठी कोर्टात खेपा घालते, ती पाचव्या दगडापाशी काळुरामच्या गाडीची वाट पाहत होती. काळुराम कधी वेळेवर येत नाही. आज आला. (मागाहून कळले, बायकोने पहाटेच घराबाहेर काढला होता.) गाडी दिसताच मनुबाईने दगडाला हात जोडले. मग तिच्यामागे उभ्या असलेल्या चौघांनी.

शिस्त लागते आहे. थोडे तेल ओतलेले दिसले आणि रुईच्या पानांची माळ. रंग टिकायला तेल चांगलेच.

२१ नोव्हेंबर.
मनुबाईला कोर्टात पुढची तारीख मिळाली. ती तर दर खेपेला मिळते. पण यावेळी ती म्हणते, दगड पावला.

२३ नोव्हेंबर.
पाचव्या दगडापुढे नारळ. सातव्यापुढे दोन लिंबे. पायी माणसे सगळी दगडांच्या बाजूने चालतात, एकसुद्धा मधून जात नाही. रावसाहेब स्वतः पाहायला आले. खूश. म्हणाले, "रघुनाथ, हे तुला साधले कसे रे?" मी म्हटले, प्लॅन. आणि त्यांनीही जाताना दगडाला हात जोडले. सवयीने असेल.

२७ नोव्हेंबर, रविवार.
बारीकशी अडचण. फुलवाल्या आल्या. पायवाटेवर बसल्या. मग नारळवाला. मग उदबत्तीवाला. पायवाट भरली म्हणून पायी माणसे गाड्यांच्या भागात आली. गाड्यांना जागा नाही म्हणून गाड्या बायसिकलच्या भागात. रतनजी आज गटारात पडला. त्याला समजावले की हे तात्पुरते आहे. तो जे बोलला ते गुजराथीत होते, त्यामुळे लिहीत नाही.

बायसिकल शिकण्याचे पुढे ढकलले. त्याने ढकलले.

२९ नोव्हेंबर.
चंद्रभागा घरी आली. दारातूनच सुरू. "कुटं हाय तो दगरवाला? भायेर ये! इतकी वर्सां मी त्या वलनावर बसतंय. आता भटजी सांगतंय, देवाम्होरं मासळी चालाची नाय, ऊठ. मना उटवतंय! कोनचा देव? तूच त्याला लाल लावलास, मी डोल्यांनी बगलंय!" ताई आतून म्हणाली, "अरे रघु, तिला पाणी तरी विचार." मी चंद्रभागेला शांतपणे सांगितले की तो देव नाही, ती हद्द आहे. ती म्हणाली, "जा, त्या भटजीला सांग."

भटजी? कुठला भटजी?

३० नोव्हेंबर.
पाहून आलो. आहे. छपरी बांधली आहे, चार बांबू आणि ताडपत्री. तिचे दोन बांबू थेट गाड्यांच्या भागात.

सगळ्यांसमोर उभा राहून सांगितले की हा दगड मी तळ्याच्या काठावरून आणला, मी रोवला, शेंदूर मी लावला.  मग भटजी म्हणाला, "बाळ, देव स्वयंभू आहे. असे बोलू नये. जीभ झडते." मनुबाई म्हणाली, तिला तर आधी स्वप्नात दिसला होता, वळणावर जमिनीतून वर येताना. मी पुन्हा म्हणालो, अहो, मी रोवला! तर मागून कोणी ओरडला, "हाणा रे त्याला!" मी निघालो. पळालो नाही. घाईने चालत निघालो.

स्वतःच्या कामाचे श्रेय मिळू नये हा सुधारकांचा इतिहासच आहे.

२ डिसेंबर.
मामा आले. भावोजींनी निरोप धाडलाच होता तर! संक्रांतीआधी? यालाच विश्वासघात म्हणतात. मामा दारात पाय ठेवताच म्हणाले, "चल रे, गंज्या रचून झाल्यात, राखायला माणूस नाही. काय करतोस इथे?" मी त्यांना हाताला धरून रस्त्यावर नेले. तीन भाग दाखवले. (सांगावे लागले, कोणता कुठे आहे ते.) ओव्हरसियर, पट्टा, छत्री, सगळे सांगितले. मामा बराच वेळ पाचव्या दगडापुढे उभे राहिले. डोळे मिटून. ओठ हलत होते. बहुधा अंतरे मनात मोजत होते.

परत येताना दोनदा मागे वळून दगडाकडे पाहिले. मग म्हणाले, "बरे, संक्रांतीला येतो." मामालासुद्धा प्लॅन पटला. अडाणी माणसाला पटवणे हीच खरी परीक्षा.

४ डिसेंबर.
दत्तजयंती. पाचवा दगड दत्त असल्याचे ठरले. काल मारुती होता. सातवा म्हसोबा आहे. बाकीचे अजून ठरायचे आहेत. गर्दी म्हणजे काय! शिळफाटा, विठ्ठलवाडी, कुठून कुठून बैलगाड्या, आणि त्या सगळ्या उभ्या माझ्या रस्त्यावर. एरवी निदान वाहत तरी होता.

पण पाहा: गाड्या दगडापाशीच थांबतात. प्लॅनमध्ये हेच होते.

८ डिसेंबर.
रतनजीने बायसिकल विकायला काढली. त्याचा भाग मोकळा झाला असे मी म्हणणार, तोच पाहतो तर त्यात स्टेशनाकडच्या टोकापासून ओळीने कोळणी. पहिली चंद्रभागा. देवापासून लांब, भिंतीची सावली बरोबर पडते, गाडी येत नाही. मला पाहून म्हणाली, "काय रं, ह्या भागान कोन येनार नाय ना? तूच बोललास, सारखा वाटलाय." आणि शेजारणीला, "बसा गो, ह्यो आपला भाग!" आज तिची पाटी दुपारीच रिकामी झाली. मेहनत माझी.

१५ डिसेंबर.
आज इंजिनिअरसाहेब. सकाळी मी फेटा बांधला, भावोजींचा. रावसाहेब, सभेचे सगळे मेंबर, हार घेऊन स्टेशनावर. साहेब आले, उंच, लाल, घाईतले. रावसाहेब म्हणाले, "आमचा नमुन्याचा रस्ता!" बग्गीत बसून निघालो. मी मागच्या पायरीवर.

पहिल्या दगडापाशी बग्गी थांबली. आरती चालली होती. आरती संपली, तीर्थ. तीर्थ संपले, तर काळुरामची गाडी आडवी, तिच्यातले सोळा उतरून दर्शनाला. साहेबांनी घड्याळ पाहिले. मग विचारले, या रस्त्याची आखणी कोणी केली? मी पायरीवरून पुढे झालो. तेवढ्यात रावसाहेब घाईने म्हणाले, "देवाची इच्छा, साहेब." साहेबांनी हॅट काढली. भटजीने त्यांच्या लाल कपाळाला आणखी लाल लावले. मग साहेब बग्गीतून उतरून चालत कचेरीत गेले. धुळीतून, मधून.

सूचना म्हणून रावसाहेबांना मी हळूच सांगितले की एवढे दगड फक्त दोन पावले आत घेतले तर सगळे सुरळीत होईल. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू गाय मारायला सांगतो आहे.

२५ डिसेंबर, रविवार.
रस्तासुधारक सभेची आता पाचव्या दगडाची देवस्थान कमिटी झाली. तेच मेंबर, तोच चहा. ठराव: देवस्थानापुढे रस्ता अरुंद पडतो, सबब रस्ता हलवावा.

मी विचारले, ओव्हरसियरचे काय? रावसाहेब म्हणाले, "देवाला ओव्हरसियर कशाला रे?" मग दयेने म्हणाले, चपला सांभाळायला माणूस हवा आहे. विचार करीन म्हणालो.

२६ डिसेंबर.
विचार केला. चपला म्हणजे पायी चालणाऱ्यांच्याच. म्हणजे पायवाटेचेच काम. होय म्हणावे.

२७ डिसेंबर.
होय म्हणायला गेलो. काल मनुबाईच्या पुतण्याला लावले. दाव्यातही तडजोड झाली म्हणे. देव पावला.

५ जानेवारी १८९३.
बरेच दिवस लिहिले नाही. ढोलकी शिकत होतो, स्टेशनाजवळ एक जण शिकवतो. बंद केली. उद्यापासून नवा प्लॅन: एकही दगड नाही, फक्त झाडे. झाडाला कोणी काही करणार नाही. वड लावावेत की पिंपळ?

१२ जानेवारी, गुरुवार. संक्रांत.
मामा आले. भावोजींनी माझी ट्रंक आधीच बाहेर काढली होती. रागावले नाहीत, उलट तिळगूळ दिला आणि म्हणाले, "रघुनाथराव, जपून." ताई रडली. मी तिला म्हटले, लवकर येतो, रस्ता माझ्यावाचून अडून आहे. ती म्हणाली, "तो अडूनच आहे रे."

टांगा केला. पहिल्या दगडापुढे अडला. टांगेवाला म्हणाला, "उतरा दादा, संक्रांत हाय, आता सांजच्यालाच सुटल." उतरलो. ट्रंक डोक्यावर घेतली आणि पायवाटेने जायला पाहिले, तर तेथे वाणाच्या बायका. गाड्यांच्या भागात गाड्या. शेवटी बायसिकलच्या भागातून, कोळणींच्या पाट्यांमधून, अंग चोरून. चंद्रभागेने पाटी बाजूला ओढली. माझ्याकडे पाहिले, ट्रंकेकडे पाहिले. हसली नाही. म्हणाली, "सांभालून जा रं. पायाखाली बग." हसली असती तर बरे झाले असते.

पाचव्या दगडापाशी मामा थांबले. पिशवीतून नारळ काढला, उपरणे काढले, वर एक रुपेरी छत्र. मी विचारले, हे कशाला? मामा म्हणाले, "नवस फेडतो. मागच्या खेपेला बोललो होतो ना, पोराचे डोके ताळ्यावर येऊन तो खडवलीला परत येऊ दे म्हणून. पावला हो! दीड महिन्यात!" डोळ्यांत पाणी होते त्यांच्या. मग माझी मान धरून दगडावर टेकवली.

म्हणणार होतो की हा दगड मी. मागे रांग होती. म्हटले नाही.

१३ जानेवारी. खडवली.
गंजीवर बसून लिहितो. येथे रस्ता नाही, त्यामुळे गर्दी नाही.

कपाळाचा शेंदूर घासून घासून निघत नाही. मामी राखेने घासून थकली. रंग निवडण्यात माझी चूक नव्हती, एवढे तरी सिद्ध झाले.